हाकेला ओ

कूबर पीडीत पंपामागच्या शेडमध्ये
लेफ्टेरिसनं काउंटरवर दोन अँटेना ठेवल्या.
एक हातभर, बुटकी.
दुसरी माझ्या कमरेच्या वर येणारी, गळाच्या काठीसारखी लवलवती.
"डोंगरात राहणार की सपाटीवर?"
माहीत नाही, म्हटलं. घर विकलंय.
"मग दोन्ही घे," तो हसला. धंदेवाईक माणूस.

पण समजावून सांगितलं नीट :
बुटकी आवाज गोल फेकते, टेकाडावरून, घळीतून, जमेल तसा.
उंच अँटेना तोच आवाज लाटत जाते,
त्याची आई पीठ लाटायची तसा, टेबलाच्या कडेपलीकडे, पातळ.
ताकद तेवढीच. पाच वॉट.
कायद्यात त्याहून जास्त बसत नाही.
हातातला सेट नको म्हणाला. तो नातवंडांना दे, खेळायला.

मी उंच घेतली.
इथं उंच म्हणावं असं दुसरं काही नाहीच.

बसवायला दोन दिवस लागले.
एकतीस वर्षं रात्रपाळीत शिरा शोधल्या मी,
पण इंजिनामागच्या पत्र्यातून केबल आत घेताना
तीनदा चुकले, आणि डगच्या आवडत्या शिव्या
माझ्या तोंडून आल्या.
बॉनेटच्या कडेचा रंग खरवडला, लख्ख पत्रा दिसेपर्यंत.
खरवडल्याशिवाय अर्थिंग लागत नाही.

मग लेफ्टेरिसनं मीटर जोडला.
"बोललेलं किती बाहेर जातं
आणि किती तुझ्याकडेच परत येतं,
ते हा काटा सांगतो."
काटा तीनच्या जवळ.
डगबरोबरच्या शेवटच्या वर्षांत
हा मीटर स्वयंपाकघरात लावायला हवा होता.
ब्रॅकेट हलवलं, जोड पुन्हा घासला. एक पूर्णांक तीन.
"झकास," तो म्हणाला, आणि पैसे मोजून घेतले.

खरखर बंद करायचं एक बटण असतं.
पूर्ण पिळलं तर गाडीत शांत.
पण लांबचा, मेल्या आवाजातला माणूसही
त्या शांततेत गडप होतो.
मी थोडी खरखर ठेवते.
रात्री बॅटरी खाते म्हणून ब्रॉन्विन फोनवर ओरडते.
खाऊ दे.

निघाल्यापासून तीन दिवस कुणाशी बोलले नव्हते.
चाळीस नंबरवर ट्रकवाल्यांचं चाललेलं :
कुठल्या ढाब्यावरची पाय शिळी, कुणाचा गुडघा, कुणाची कोर्टाची तारीख.
ग्लेंडॅम्बोच्या अलीकडे, दिवेलागणीला :
"पांढरी व्हॅन, ऐकतेयस का? तीन डबे घेऊन मागं आहे तुझ्या."
बटण दाबलं. आधी नुसता खोकला गेला
दक्षिण ऑस्ट्रेलियाच्या हवेत.
मग, "ऐकतेय."
"रस्ता सोडू नकोस. धर तशीच, सरळ. मी जातो कडेनं. ओव्हर."
ओव्हर म्हणजे संपलं असं मला आयुष्यभर वाटत आलं.
ओव्हर म्हणजे, आता तू.

गेला. बराच वेळ जातच होता.
त्रेपन्न मीटर, मागोमाग वाळूचा पडदा,
पडद्यातून त्याचा आवाज :
"पुढं मोकळं. फक्त दोन गायी, डाव्या हाताला, जाळीच्या अलीकडे.
काळ्या आहेत, दिसायच्या नाहीत."

दिसल्या. डोळे आधी, मग गायी.
मी हळू पुढं काढली गाडी.

आणि समोरून कुणाचा तरी कॅरॅव्हॅन,
दिवे वर-खाली, भरधाव.
अंगठा आपणहून बटणावर गेला :
"समोरची गाडी, हळू. जाळीपाशी गायी, डाव्या..."
थांबले. डाव्या माझ्या.
"उजव्या. तुझ्या उजव्या हाताला."

दिवे मंदावले.
खरखर. मग एक म्हातारा घसा, बायकोला काहीतरी सांगत,
मग मला :
"उपकार झाले. कोण बोलतंय?"

अंगठा दाबलेलाच होता.
त्याला माझा श्वास ऐकू गेला असणार,
आणि इंडिकेटरची टिकटिक, जो मी कधीचा
उगाच चालू ठेवला होता.
"मर्ल," म्हटलं.
आणि मग आठवण झाली, म्हणून,
"ओव्हर."